चार्जर लावला की गुणगुण, काढला की तुटतुट: इंदूरमधल्या एका खोलीतलं गिटार-रेकॉर्डिंग

इंदूरच्या रामबागेतल्या जुन्या दुमजली घराची माडी. खोलीत सिंगल कॉइल पिकअपची (तारांचं कंपन टिपणाऱ्या एकेरी वेटोळ्याची) इलेक्ट्रिक गिटार, सहा मीटरची केबल, गिटारचा आवाज संगणकात नेणारा आणि यूएसबीवरूनच वीज घेणारा दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस, तीन पिनी चार्जरचा विंडोज लॅपटॉप, त्यावर रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आणि टेबलावर दोन पॉवर्ड मॉनिटर स्पीकर. काम साधं: भावगीतांच्या एका कार्यक्रमासाठी गिटारचे तुकडे घरी रेकॉर्ड करून संयोजकांना पाठवायचे. वादक हौशी, पण हात तयार.

तक्रार एका वाक्यात आली: आवाज खराब येतो. खोदून विचारल्यावर तिचे दोन तुकडे झाले. चार्जर लावलेला असला की सतत गुणगुण येते. चार्जर काढला की गुणगुण बरीच कमी होते, पण मग आवाज मधूनमधून तुटतो. वादकाच्या डोक्यात हे दोन्ही एकाच रोगाचे चट्टे होते, आणि तो रोग म्हणजे 'इंटरफेस खराब'. म्हणून इंटरफेस बदलून झाला, नवी केबल आली, विंडोजही पुन्हा टाकून झालं. फरक पडला नाही, कारण आजार एक नव्हताच. पुढे मोजून पाच निघाले, आणि त्यातले दोन तर आधीच्या उपायांतून जन्मलेले होते.

गोंगाट वेगळा, खंड वेगळा

अशा प्रकरणात सगळ्यात आधी सॉफ्टवेअरच्या सेटिंगला हात लावू नये. आधी रेकॉर्ड झालेली फाइल बघावी. गोंगाट म्हणजे सिग्नलमध्ये काहीतरी जास्तीचं मिसळणं; तो केबल, पिकअप, अर्थिंग, वीज यांच्या वाटेनं येतो. खंड म्हणजे सिग्नलचा तुकडाच गायब होणं; तो संगणकाला वेळेवर काम न उरकल्यामुळे पडतो. गोंगाटावर बफर, म्हणजे संगणक एका खेपेला हाताळतो तो आवाजाचा गठ्ठा, वाढवून काही होत नाही आणि खंडावर महागडी केबल लावून काही होत नाही. ऐकताना मात्र दोन्ही 'खरखर' म्हणूनच कानावर येतात.

फाइलमध्ये फरक डोळ्यांनी दिसतो. खटका ऐकू येतो तिथे वेव्हफॉर्म इतकी मोठी करावी की एकेक सॅम्पल, म्हणजे आवाजाचं एकेक मोजमाप, ठिपक्यासारखं दिसेल. लाट अचानक कापली जाऊन दुसऱ्याच उंचीवर सुरू झाली असेल, किंवा मध्ये सपाट शून्य असेल, तर तो खंड. सपाट भाग मोजावा. तो बफरच्या आकड्याइतका किंवा त्याच्या पटीत भरला, म्हणजे २५६, ५१२ असा, तर केबलवर संशय घ्यायचं कारण उरत नाही. केबलचा सैल टाका असा शिस्तीत वागत नाही. त्याची खूण वेगळी: वेडेवाकडे उंच काटे आणि त्यानंतर हळूहळू शून्यावर येणारी रेघ.

आणखी एक सोपी कसोटी. तीच फाइल दोनदा वाजवावी. खटका दोन्ही वेळा त्याच जागी आला तर तो रेकॉर्ड झालेला आहे. जागा बदलली तर फाइल धडधाकट आहे आणि तुटतंय ते फक्त वाजवताना. या खोलीतल्या फाइलींत दोन्ही प्रकार सापडले, शिवाय तिसरा एक: घड्याळ लावल्यासारखा ठरावीक वेळानं येणारा खटका.

ठरावीक वेळानं येणारा खटका

हा भाग प्रकरणातला सर्वांत गमतीचा, म्हणून आधी.

स्पीकरमधून गुणगुण येते म्हणून वादकानं स्पीकर बंद केले आणि हेडफोन लॅपटॉपच्याच जॅकमध्ये लावले. पण इंटरफेसचा स्वतःचा असिओ ड्रायव्हर आवाज फक्त इंटरफेसच्याच आउटपुटला देतो. म्हणून असिओ४ऑल बसवून इनपुट इंटरफेसचं आणि आउटपुट लॅपटॉपचं, अशी जोडी जुळवली. असिओ ही पद्धत स्टाइनबर्गनं १९९७ साली आणली ती संगणकातून आवाज कमीत कमी विलंबानं आत-बाहेर करण्यासाठी. असिओ४ऑल ही त्यावरची एक तडजोड आहे: ज्या उपकरणाला स्वतःचा असिओ ड्रायव्हर नाही त्याला ती विंडोजच्या साध्या ड्रायव्हरवर असिओचा मुखवटा चढवून देते. त्या कामासाठी ती उत्तम. पण ज्या इंटरफेसबरोबर बनवणाऱ्याचा ड्रायव्हर येतो, तिथे तिची गरज नाही, आणि दोन वेगळी उपकरणं एकत्र बांधायला तर मुळीच नाही.

कारण दोन उपकरणं म्हणजे दोन घड्याळं. दोन्हीवर सेकंदाला ४८,००० सॅम्पल असं लिहिलेलं असलं तरी घड्याळं चालवणारे दोन क्रिस्टल तंतोतंत सारखे कधीच चालत नाहीत. फरक दहा लाखांत ५० इतकाच धरा. मग सेकंदाला २.४ सॅम्पलची चूक साठत जाते. २५६ सॅम्पलचा बफर असेल तर २५६ भागिले २.४, म्हणजे साधारण १०७ सेकंदांनी एक पूर्ण बफर जास्त होतो किंवा कमी पडतो, आणि तिथे खटका.

इथे खटके पावणेदोन मिनिटांच्या आसपास येत होते. वादकानं नेहमीचा सल्ला ऐकून बफर १०२४ केला आणि खटके 'जवळजवळ गेले'. गेले नव्हते. सात मिनिटांवर गेले होते. बफर चौपट, अंतरही चौपट. नेमकी हीच घड्याळ सरकल्याची खूण. संगणकावरचा ताण हे कारण असतं तर बफर चौपट केल्यावर खटके एकतर पूर्ण थांबले असते, नाहीतर कुठेही, केव्हाही आले असते; असं गणितानं लांबले नसते. गाण्याचा तुकडा चार मिनिटांचा असल्यामुळे सात मिनिटांवरचा खटका कधी सापडायचा, कधी नाही.

त्यापायी किंमत मात्र मोठी मोजली जात होती. १०२४ सॅम्पल म्हणजे ४८ किलोहर्ट्झला २१.३ मिलिसेकंद, जाताना आणि येताना मिळून ४२.७, वर कन्व्हर्टर आणि यूएसबीचा थोडा वेळ. हवेत आवाज तेवढ्या वेळात साडेचौदा मीटर जातो. म्हणजे तार छेडायची इथे आणि अँप ठेवायचा गल्लीच्या पलीकडे. वादकाला वाटत होतं आपली लय बिघडली.

उपाय पाच मिनिटांचा: असिओ४ऑल काढून टाकलं, इंटरफेसचा स्वतःचा ड्रायव्हर निवडला, हेडफोन इंटरफेसच्या जॅकमध्ये लावले. आत येणारा आणि बाहेर जाणारा आवाज एकाच घड्याळावर आला. इंटरफेसच्या पॅनेलमध्ये घड्याळाचा स्रोत 'इंटर्नल' आहे ना, तेही बघितलं. तो चुकून एसपीडीआयएफ या डिजिटल इनपुटवर राहिला आणि तिथे काही जोडलेलं नसेल तर अशीच टिकटिक सुरू होते. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये ४४.१ आणि प्रोजेक्टमध्ये ४८ असा गोंधळ होता, तोही सरळ केला.

खात्रीसाठी इंटरफेसच्या आउटपुटमधून इनपुटमध्ये केबल लावून १ किलोहर्ट्झचा साधा साइन टोन दहा मिनिटं रेकॉर्ड केला. हा आकडा मुद्दाम निवडलेला. ४८ किलोहर्ट्झला त्याची एक लाट बरोबर ४८ सॅम्पलची होते, आणि २५६ सॅम्पल गळले तर लाट एक-तृतीयांशानं सरकलेली दिसते. चुकून निसटत नाही. चार्जर लावून, १२८ च्या बफरवर, दहा मिनिटांत एकही तुटलेली लाट नव्हती. चार्जर काढल्यावर दुसऱ्याच मिनिटाला सापडली.

बॅटरीवर तुटणं

चार्जर काढला की लॅपटॉप काटकसर सुरू करतो. प्रोसेसरचा वेग उतरतो, यूएसबीचे पोर्ट झोपायला बघतात, वायफायही वीज वाचवण्याच्या नव्या सवयी लावून घेतो. चित्रपट बघताना हे जाणवत नाही, कारण तिथे दोन-चार सेकंदांचा साठा हाताशी असतो. गिटार थेट ऐकत वाजवताना १२८ च्या बफरवर संगणकाकडे दर खेपेला २.६७ मिलिसेकंद असतात. तेवढ्यात अँप-सिम्युलेशनचं, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या नकली अँपचं, सगळं गणित उरकलं पाहिजे. एकदा उशीर झाला की तुकडा गेला.

टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर २० टक्के दिसत होता, म्हणून 'संगणक तर मोकळाच आहे' असा समज होता. ती सरासरी आहे. दिवसभरात पंधरा मिनिटंच गाडी उशिरा आली तरी ज्याची पुढची गाडी चुकायची त्याची चुकतेच. त्यामुळे कोणता ड्रायव्हर संगणकाला किती वेळ अडवतो ते मोजणारं लेटन्सीमॉन हे साधन पंधरा मिनिटं चालवलं, वायफाय चालू ठेवून, बॅटरीवर. त्यात सर्वांत जास्त वेळ अडवून धरणारा ड्रायव्हर म्हणून एनडीआयएस डॉट सिस पुढे आला. ही विंडोजची नेटवर्कची फाइल. बहुतेक वेळा तिच्या आडून बोलत असतो तो वायफाय कार्डाचा ड्रायव्हर. लेटन्सीमॉनच्या हिरव्या-लाल पट्टीपेक्षा तिथला मायक्रोसेकंदांचा आकडा आपल्या बफरशी ताडून बघणं जास्त कामाचं. १२८ चा बफर म्हणजे २,६६७ मायक्रोसेकंद. एखादा ड्रायव्हर एकट्यानं त्यातले दोन हजार खात असेल तर अँप-सिम्युलेशननं काय करावं?

इथे केलेले बदल या क्रमानं, आणि प्रत्येकानंतर साइन टोनची चाचणी पुन्हा:

१. रेकॉर्डिंगच्या वेळी वायफाय आणि ब्लूटूथ बंद. विमान-मोड एका बटणात दोन्ही करतो. सर्वांत जास्त फरक यानंच पडला.
२. पॉवर मोड 'बेस्ट परफॉर्मन्स'. जुन्या कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत यादीत प्रोसेसरची किमान अवस्था १०० टक्के, आणि यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद. ही यादी बॅटरी आणि चार्जर अशा दोन रकान्यांची असते. लोक एकच रकाना बदलतात आणि फरक पडत नाही म्हणतात.
३. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली 'वीज वाचवण्यासाठी हे बंद करू द्या' ही खूण काढली.
४. इंटरफेस हबमधून काढून थेट लॅपटॉपला. हबवर माउस, पेनड्राइव्ह आणि फोनचं चार्जिंगही चालू होतं.

रेकॉर्डिंगचं फोल्डर अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळलं, क्लाउडवर आपोआप चढवणं थांबवलं. हार्ड डिस्क बदलायचा विचार मात्र सोडून द्यायला सांगितला. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा मोनो ट्रॅक सेकंदाला १४४ किलोबाइट लिहितो, मिनिटाला साडेआठ मेगाबाइटच्या थोडा वर. एका गिटारसाठी कुठलीही धड डिस्क पुरते.

एवढं करूनही बॅटरीवर ६४ चा बफर टिकला नाही, आणि अँप-सिम्युलेशनमधलं ओव्हरसॅम्पलिंग चालू केलं की १२८ वरही क्वचित खटका यायचा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये बॅटरीवर प्रोसेसरला लगाम फर्मवेअरच लावतं. विंडोजच्या सेटिंगचं तिथे चालत नाही. म्हणून निर्णय असा: लॅपटॉप चार्जरवरच चालवायचा. आणि मग गुणगुणीला सामोरं जाणं आलंच.

गुणगुण कुठून शिरते

भारतात वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे गुणगुणीच्या मुळाशी ५०, १००, १५० हर्ट्झ असे आकडे असतात. स्पेक्ट्रम बघायची सोय नसेल तर गिटारचा ट्यूनर गोंगाटावर धरावा. सूर 'जी' (G) या स्वराच्या ३५ सेंट वर दाखवत असेल तर ती वीज आहे. गिटारची सर्वांत खालची तार ८२.४ हर्ट्झची, म्हणून ७० च्या खाली फिल्टर लावून ५० ची गुणगुण कापता येते. पण १०० पासून वरचे सगळे काटे तसेच राहतात, आणि कानाला टोचतात ते तेच.

गेन एकदा ठरवला (जोरात स्ट्रमिंग केल्यावर शिखर उणे १२ डेसिबलच्या आसपास) आणि मग त्याला हात न लावता तीस-तीस सेकंदांचे तुकडे घेतले. गिटार लावलेली पण तिचा व्हॉल्यूम शून्य. व्हॉल्यूम पूर्ण, तारांवर हात नाही. व्हॉल्यूम पूर्ण, तारांवर हात. मग बसल्या जागी गोल फिरत. शेवटी पिकअपचा स्विच दुसऱ्या आणि चौथ्या जागी. केबल नुसती इनपुटला लावून दुसरं टोक मोकळं सोडण्याची चाचणी मात्र कुणी करू नये. दहा लाख ओहमच्या इनपुटवर मोकळी केबल अँटेनाच होते आणि भलतंच भयंकर चित्र दिसतं.

व्हॉल्यूम शून्यावर शांतता होती. म्हणजे केबल आणि इंटरफेस निर्दोष. सहा मीटरच्या केबलऐवजी तीन मीटरची आणली तेव्हा आवाज जरा उजळला होता तो केबलची कपॅसिटन्स अर्धी झाल्यामुळे, गुणगुणीशी त्याचा संबंध नव्हता. तारांवर हात ठेवला की गुणगुण ठळकपणे उतरायची. फिरताना मात्र तिच्यातला एक कर्कश, माशीसारखा भाग कमी-जास्त व्हायचा, आणि स्विच दुसऱ्या-चौथ्या जागी नेला की तोच भाग दबायचा. या गिटारमधला मधला पिकअप उलट गुंडाळलेला, त्यामुळे त्या दोन जागी जोडी हमबकरसारखी (गुणगुण मारणाऱ्या दुहेरी पिकअपसारखी) वागते आणि चुंबकीय वाटेनं आलेला गोंगाट आपसांत कापला जातो. तर गोंगाटाच्या वाटा दोन: हातानं उतरणारी अर्थिंगची, आणि फिरण्यानं बदलणारी चुंबकीय.

पंख्याचा रेग्युलेटर

चुंबकीय वाट लवकर सापडली. छतावरच्या पंख्याला गोल फिरणारा, पायऱ्या नसलेला इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर होता. तो पंख्याचा वेग कमी करतो तो विजेची लाट दर अर्ध्या फेरीत कापून, म्हणजे सेकंदाला १०० वेळा. प्रत्येक कापासरशी भिंतीतल्या तारांतून एक धक्का जातो आणि सिंगल कॉइल तो इमानानं टिपतो. पंखा पूर्ण वेगावर नेला की कापाकापी जवळजवळ थांबते, म्हणून माशीही गप्प व्हायची. हीच त्याची चाचणी.

मे महिन्यात इंदुरात माडीवर पंखा बंद ठेवून गिटार वाजवा म्हणणं हा उपाय नव्हे, शिक्षा आहे. केबलमधून थेट रेकॉर्डिंग असल्यामुळे पंख्याचा वारा फाइलमध्ये येतही नाही. रेग्युलेटर बदलून पायऱ्यांचा, कपॅसिटरवाला बसवला. तो लाट कापत नाही, नुसता मध्ये अडथळा घालून व्होल्टेज उतरवतो. माशी गेली. एलईडी दिव्याचा डिमर असेल तर त्यालाही हेच लागू. गिटारच्या पोटात तांब्याची पट्टी चिकटवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. ती विद्युत क्षेत्राला अडवते, ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राला नाही. या गिटारला ती पुढेमागे लावायला हरकत नाही, पण तिनं ट्रान्सफॉर्मरशेजारी बसण्याची मुभा मिळत नाही.

अर्थिंग: तीन भोकं म्हणजे अर्थ नव्हे

उरली ती हातानं उतरणारी गुणगुण. लॅपटॉपच्या धातूच्या कडेला पालथा हात फिरवला तर झिणझिण्या यायच्या. चार्जरमध्ये गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. त्यांचं एक टोक विजेकडे आणि एक अर्थच्या पिनकडे. अर्थ खरा असेल तर गळका प्रवाह तिथून निघून जातो. अर्थच नसेल तर लॅपटॉपचं अंग, त्याला जोडलेला इंटरफेस, केबलच्या आतल्या तारेभोवतीची जाळी आणि गिटारच्या तारा असं सगळंच साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगतं. प्रवाह मिलिअँपिअरच्या काही अंशाइतका, पण सर्किटचं 'शून्य'च डोलतं. हात ठेवला की माणूसच अर्थिंग होतो आणि गुणगुण उतरते.

बोर्डावर तीन भोकांचं सॉकेट होतं. मल्टिमीटरनं फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या जवळ, फेज आणि अर्थमध्ये १०० च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थमध्येही तसंच काहीतरी. नीट अर्थिंगमध्ये फेज-अर्थ हे फेज-न्यूट्रलइतकंच येतं आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. इथले मधलेच आकडे म्हणजे अर्थाचं भोक कशालाच जोडलेलं नाही. डिजिटल मीटर हवेतलं दाखवतोय. वायरमननं बोर्ड उघडल्यावर तेच निघालं: जुनं दोन तारांचं वायरिंग, अर्थाचा स्क्रू रिकामा.

इथे दोन सोप्या पळवाटा सुचवल्या जातात आणि दोन्ही घातक आहेत. पहिली, सॉकेटच्या आतच न्यूट्रलवरून तार घेऊन अर्थच्या भोकाला जोडणं. मीटरवर आकडे छान येतात, गुणगुणही जाते. पण कुठे मागे न्यूट्रल तुटला की लॅपटॉपच्या अंगावर आणि गिटारच्या तारांवर पूर्ण २३० व्होल्ट येतात, आणि त्या वेळी तारा हातात असतात. दुसरी, चार्जरची जाड पिन कापणं किंवा दोन पिनी अडॅप्टर लावणं. त्यानं दोष लपतो, जात नाही.

केलं ते सरळ काम: मीटरच्या बोर्डावर जिथे घराचा अर्थ येतो तिथून माडीवरच्या या बोर्डापर्यंत २.५ चौरस मिलिमीटरची हिरवी तांब्याची तार, आणि सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच. अर्थाचा खड्डाही बघावा लागला. माळव्याची काळी माती पावसाळ्यात ओल धरते तेव्हा अर्थ उत्तम लागतो. उन्हाळ्यात तीच माती आक्रसून भेगाळते, नळीपासून सुटते आणि अर्थ कमजोर होतो. दिवाळीत नीट चालणारं रेकॉर्डिंग वैशाखात गुणगुणायला लागलं तर इंटरफेसकडे बघण्याआधी खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतून बघावं. इथे खड्डा कोरडा होता. पाणी घातल्यावर न्यूट्रल-अर्थचा आकडा दोनच्या खाली आला.

लॅपटॉपच्या झिणझिण्या थांबल्या. गिटारची गुणगुण इतकी उतरली की अँप-सिम्युलेशनच्या जाड गेनवरही वाजवताना ऐकू येईना.

आणि स्पीकर पुन्हा बोलू लागले

अर्थ आला त्याच संध्याकाळी मॉनिटर स्पीकर जोडले आणि त्यांतून घूं असा जाड आवाज. वादकानं पहिली शंका घेतली ती नव्या अर्थिंगवर, आणि पिन कापायची गोष्ट परत निघाली. पण फाइल ऐकली तर स्वच्छ. घूं इंटरफेसनंतर शिरत होती, फक्त स्पीकरच्या वाटेवर. लॅपटॉप एका भिंतीच्या बोर्डावर, स्पीकर दुसऱ्या भिंतीच्या, आणि दोघांना जोडणारी साधी दोन तारांची केबल. दोन्ही बोर्डांना अर्थ मिळाल्याबरोबर अर्थाचं एक वेटोळं पूर्ण झालं आणि त्यातला प्रवाह केबलच्या जाळीतून, म्हणजे सिग्नलच्याच परतवाटेनं, वाहू लागला.

स्पीकरला बॅलन्स्ड इनपुट होतंच, वापरलं नव्हतं एवढंच. टीआरएस ते टीआरएस (तीन भागांच्या प्लगच्या) अशा दोन केबल घेतल्या. त्यांत सिग्नलची परतवाट वेगळी असल्यामुळे जाळीतला प्रवाह सिग्नलमध्ये मिसळत नाही. विकत घेताना प्लगवर दोन काळ्या रेघा आहेत ना ते बघावं, एक रेघवाली केबल दिसायला तशीच असते. शिवाय लॅपटॉप आणि स्पीकर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आणले. ज्या स्पीकरला आरसीए एवढंच इनपुट असेल तिथे मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावावा लागतो.

आता

वादक १२८ च्या बफरवर, चार्जर लावून, वायफाय बंद करून वाजवतो. कोरडा, म्हणजे कुठलाही परिणाम न लावलेला सिग्नल रेकॉर्ड होतो, अँप-सिम्युलेशन ऐकण्यापुरतं वर राहतं. मिक्सिंगला बसताना बफर ५१२. नॉइज गेट लावायचाच तर सगळ्यात शेवटी आणि हलका, कारण तो गप्प बसवतो ते विरामांना. वाजणाऱ्या स्वराखालचा गोंगाट तसाच राहतो आणि मिंडेचं शेपूट मात्र कापलं जातं.

अँप-सिम्युलेशन अगदी चढवलं तर ८ किलोहर्ट्झला एक बारीक शिट्टी अजून येते. यूएसबी सेकंदाला ८,००० वेळा पुकारा करते, त्याची ती सावली. इंटरफेसची वीज त्याच वायरीतून येत असल्यामुळे ती पूर्ण जात नाही. लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूचा पोर्ट वापरल्यावर अर्धी झाली, उरलेली मिक्समध्ये अरुंद नॉच फिल्टरनं काढली जाते. आणि वीज गेली की घरचा इन्व्हर्टर चालू होतो. तो चौकोनी लाटेचा असल्यामुळे माशी परत येते. तेवढ्या वेळात रेकॉर्डिंग होत नाही, रियाज होतो.